‘तसं काही नाही’ म्हणजे नेमकं काय? आरोग्य सर्वेक्षणातली उत्तरं तपासायची कशी

लालबागच्या एका चाळीत पहिल्यांदा फॉर्म घेऊन गेले तेव्हा पहिल्याच घरातल्या मावशींना मी विचारलं, “तंबाखूचं सेवन करता का?” “छे गं बाई, आमच्यात कुणाला सवय नाही,” मावशी म्हणाल्या. मी ‘नाही’वर खूण केली आणि पुढच्या प्रश्नाला लागले. खिडकीत मशेरीची डबी होती, मावशींची तर्जनी नखापर्यंत काळी पडलेली होती. मशेरी म्हणजे तव्यावर भाजून कुटलेला तंबाखूच. पण मावशींच्या लेखी तंबाखू म्हणजे चुना लावून मळायचा तो, बाप्यांचा. मशेरी दात घासायची. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. माझा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

त्यानंतर बरेच सर्वे केले, पोरापोरींना फील्डसाठी तयारही केलं, आणि माझं मत पक्कं झालं: आरोग्याबद्दल लोक फारसं खोटं बोलत नाहीत. दुखणं आधी शरीरात असतं, मग ते माणसाला कळावं लागतं, मग त्याने ते सांगावं लागतं, मग आपण ते नीट लिहून घ्यावं लागतं. गळती या चारही ठिकाणी होते आणि प्रत्येक गळतीचा उपाय वेगळा आहे. पुढे लिहिलंय ते समाजकार्याच्या किंवा नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी, वस्तीत काम करणाऱ्या संस्थांसाठी, आणि मंडळाच्या आरोग्य शिबिरात फॉर्म भरून घेणाऱ्या कार्यकर्त्यांसाठीही.

आधी ठरवा: बरोबर हवंय की सारखं?

मुंबईतल्या कितीतरी घरांत भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवलेलं असतं, लोकल चुकू नये म्हणून. ते घड्याळ रोज दहा मिनिटंच पुढे असतं, म्हणजे सातत्यात त्याला तोड नाही. आणि ते रोज चुकीचंही असतं. मावशींना मी दहा वेळा विचारलं असतं तरी दहा वेळा ‘नाही’च आलं असतं. एकच उत्तर पुन्हा पुन्हा मिळतंय एवढ्यावरून ते बरोबर आहे असं धरू नका. उलटं मात्र खरं: मधल्या काळात न बदलणाऱ्या गोष्टीबद्दल आज एक आणि पंधरा दिवसांनी भलतंच सांगितलं जात असेल, तर त्यातलं एक तरी उत्तर चुकीचंच. अचूकता तपासायला बाहेरचा पुरावा लागतो, सातत्य तपासायला दुसरी भेट. दोन्हींचा खर्च प्रश्नावली छापण्याआधीच धरून ठेवा, नंतर पैसे उरत नाहीत.

प्रश्नांची वर्गवारी करा

सगळी उत्तरं सारखीच कच्ची नसतात. रुग्णालयात दाखल होणं, शस्त्रक्रिया, बाळंतपण या गोष्टी लोकांना बऱ्यापैकी आठवतात. शिवाय फाइल घरात असते, बहुतेक कपाटावरच्या प्लास्टिकच्या पिशवीत. डॉक्टरांनी सांगितलेला आजार कळतो, पण डॉक्टरांकडे गेलं तरच. सवयी, म्हणजे दारू, तंबाखू, मीठ, चालणं, यात माणूस स्वतःला थोडं झुकतं माप देतो. उंची लोक वाढवून सांगतात, वजन कमी करून.

चौथा प्रकार सगळ्यात अवघड: ‘एकंदर तब्येत कशी आहे?’ याला बाहेरचं मोजमापच नाही. तरीही तो टाकाऊ नाही. स्वतःची तब्येत वाईट सांगणाऱ्यांमध्ये पुढच्या काही वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण जास्त निघतं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत वारंवार दिसलंय. पण दोन गटांची तुलना करायला गेलात की हाच प्रश्न दगा देतो. अमर्त्य सेन यांनी याचं जे उदाहरण दिलंय ते मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळानंतर, १९४४ मध्ये, कोलकात्याजवळ सिंगूरला पाहणी झाली. तब्येत ‘यथातथा’ असल्याचं ४५.६ टक्के विधुरांनी सांगितलं. विधवांपैकी एकीनेही नाही. विधवांची तब्येत ठणठणीत होती असं कोण म्हणेल? स्वतःच्या तब्येतीबद्दल तक्रार करायची असते, हेच त्यांच्या गावी नव्हतं. सेन यांनीच २००२ मध्ये दाखवून दिलं की आयुर्मान जास्त असलेल्या केरळात लोक आजार जास्त सांगतात आणि बिहारमध्ये कमी. डॉक्टर, शाळा, दवाखाना जवळ असले की माणसाला दुखणं ओळखता येतं. म्हणून ‘झोपडपट्टीच्या शिवाजीनगर-गोवंडीपेक्षा सुखवस्तू विलेपार्ल्यात आजार जास्त’ असा निष्कर्ष तुमच्या फॉर्ममधून निघाला, तर आनंदाने छापायला धावू नका.

शब्द लोकांच्या तोंडचे घ्या

इथे वेळ घालवा. इंग्रजी प्रश्नावलीचं मराठी करून, त्याचं परत इंग्रजी करून पाहिलं आणि जुळलं म्हणजे झालं, असं मानण्याची पद्धत आहे. माझा त्यावर विश्वास उरलेला नाही. ‘तंबाखूचं सेवन’चं इंग्रजी अगदी बिनचूक होतं.

त्याऐवजी वस्तीतल्या आठ-दहा जणांना प्रश्न वाचून दाखवा आणि विचारा, “हे ऐकून तुमच्या मनात काय आलं?” मग काय काय निघतं बघा. “बीपी आहे का?” याला “हो, आहे ना, लो होतो” असं उत्तर येतं. चक्कर आली की ‘बीपी लो’ म्हणायची पद्धत आहे आणि तुमच्या तक्त्यात मात्र तो उच्च रक्तदाब म्हणून जाऊन बसतो. म्हणून विचारायचं: “बीपी वाढलेला आहे, असं डॉक्टर किंवा सिस्टर कधी म्हणाले का? गोळी चालू केली का?” ‘मधुमेह’ हा शब्द कळतो, पण बोलताना ‘शुगर’. श्वेतप्रदर विचारलंत तर बाई तुमच्या तोंडाकडे बघत राहील. ‘अंगावर पांढरं जातं का’ म्हटलं की लगेच समजेल.

तंबाखूसाठी एकेक पदार्थ नाव घेऊन विचारा: मशेरी, मावा, गुटखा, तपकीर, पानातला तंबाखू, विडी, सिगारेट. मुंबईत १९९१ ते १९९७ दरम्यान ३५ वर्षांवरच्या सुमारे दीड लाख लोकांची घरोघरी नोंद झाली, तेव्हा तंबाखू वापरणाऱ्या बायकांत जवळजवळ सगळ्या न ओढण्याचा तंबाखू वापरणाऱ्या निघाल्या आणि त्यात मशेरीचा वाटा मोठा होता. नुसतं ‘तंबाखू खाता का’ विचारून हे कधीच हाती लागलं नसतं.

‘अपंग’ हाही असाच शब्द. २०११ च्या जनगणनेत देशात २.२१ टक्के अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. अपंगत्वाची आकडेवारी कशी गोळा करावी यावर काम करणाऱ्या ‘वॉशिंग्टन गट’ या आंतरराष्ट्रीय गटाच्या सहा प्रश्नांत तो शब्दच येत नाही. चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का, चालायला किंवा जिने चढायला त्रास होतो का, असं विचारतात आणि उत्तरं चार: अजिबात नाही, थोडा, खूप, जमतच नाही. गुडघे धरून तिसरा मजला चढणारी आजी स्वतःला अपंग म्हणणार नाही, पण ‘खूप’ म्हणेल.

आणि आपला खास वाक्प्रचार: दुखणं अंगावर काढणं. अंगावर काढलेलं दुखणं लोकांच्या हिशेबी आजार नसतो. ‘गेल्या पंधरा दिवसांत आजारी होता का?’ला ‘नाही, तसं काही नाही’ येतं. मग ताप किंवा कणकण, खोकला, जुलाब, अंगदुखी, छातीत जळजळ अशी यादी वाचा. त्याच बाई तीन गोष्टी सांगतील. यादी वाचायची असेल तर सगळ्यांना, सगळीच वाचा. अर्ध्या घरांत वाचली आणि कंटाळून अर्ध्या घरांत गाळली, तर ते दोन वेगळे सर्वे झाले.

किती दिवसांचं विचारायचं?

दिल्लीत जिष्णू दास, जेफ्री हॅमर आणि कॅरोलिना सांचेझ-पारामो यांनी काही कुटुंबांना दर आठवड्याचे आजार विचारले आणि काहींना महिन्याभराचे एकदम. २०१२ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात महिन्याचं विचारल्यावर गरिबांचे सांगितलेले आजार जवळजवळ निम्म्यावर आले. श्रीमंतांत फरक त्यामानाने कमी. ज्याच्या घरी ताप-खोकला नेहमीचाच, तो महिन्याच्या शेवटी तो कुठे लक्षात ठेवणार? म्हणजे विसरणं सगळ्यांचं सारखं नसतं आणि नेमकं ज्यांच्यासाठी सर्वे करतोय त्यांचंच दुखणं आकड्यातून गळतं.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात किरकोळ आजारासाठी १५ दिवस आणि रुग्णालयात दाखल होण्यासाठी ३६५ दिवस विचारतात. तुम्हीही साधारण हेच धरा. वर्षभराचं विचारताना दुसरी गडबड होते: चौदा महिन्यांपूर्वीचं ऑपरेशन ‘याच वर्षी’ म्हणून आत सरकतं, कारण मोठी घटना जवळची वाटते. त्याला तारखेपेक्षा खुणा बऱ्या. “गेल्या गणपतीच्या आधी की नंतर?” “लॉकडाऊनच्या आधी गोळी सुरू झाली की नंतर?” जुन्या गोष्टींसाठी २००५ चा ‘२६ जुलैचा पाऊस’ अजूनही चालतो.

ऋतूही बघा. ऑगस्टमध्ये मुंबईत मलेरिया, डेंग्यू, लेप्टो. मेमध्ये निम्मी चाळ कोकणात. मेच्या पंधरा दिवसांची तुलना ऑगस्टच्या पंधरा दिवसांशी करू नका. ही चूक मोठमोठ्या आकड्यांतही होऊ शकते: राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७१ वी फेरी जानेवारी ते जून २०१४ अशी झाली, ७५ वी जुलै २०१७ ते जून २०१८ अशी वर्षभर. पहिलीत पावसाळा जवळजवळ नाहीच.

घरात कोण आहे, कोण ऐकतंय

सकाळी अकराला गेलात तर पुरुष कामावर. मग बायको सांगते, “ह्यांना काही नाही, कधीतरी घेतात.” दुसऱ्याच्या वतीने दिलेलं उत्तर चालवून घ्यावं लागतं, पण फॉर्मवर ‘कोणी सांगितलं’ हा रकाना हवाच आणि हिशेब करताना ती उत्तरं वेगळी काढता आली पाहिजेत. रविवारी सकाळी किंवा रात्री आठनंतर गेलात तर माणूस स्वतः भेटतो. पाणी यायच्या वेळेला मात्र जाऊ नका. हंडा भरायचा सोडून कोणी तुमच्या पाळीच्या प्रश्नाला उत्तर देणार नाही.

दहा बाय दहाच्या खोलीत एकांत कुठून आणायचा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरगुती हिंसेचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला विचारतात, तेही एकांत मिळाला तरच. नाही मिळाला तर तो भाग सोडून देतात. छोट्या सर्वेतही हाच नियम ठेवा. आम्ही दोघी जायचो: एक सुनेशी बोलायची, दुसरी सासूबाईंना गॅलरीत नेऊन त्यांच्याच गुडघ्यांचे प्रश्न विचारायची. सासूबाईही खूश.

दारूसारख्या प्रश्नाला नाण्याची युक्ती आहे. स्टॅन्ले वॉर्नर यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या कल्पनेचं हे सोपं रूप. माणसाने पाठ फिरवून नाणं उडवायचं. छापा आला तर काहीही असो ‘हो’ म्हणायचं, काटा आला तर खरं सांगायचं. कोणाचं ‘हो’ खरं ते तुम्हाला कळत नाही, पण गटाचं कळतं. १०० जणांत ६० ‘हो’ आले तर साधारण ५० नाण्यामुळे. उरलेल्या ५० पैकी १० खरे, म्हणजे २० टक्के. गट मोठा हवा, चारशे-पाचशेचा तरी, नाहीतर नाण्याची लहर आकड्यावर बसते.

पुरावा बघा

“गोळ्यांची पट्टी दाखवता का?” एवढ्या एका वाक्याने जितकी उत्तरं सुधारतात तितकी दहा पानी प्रश्नावलीने सुधारत नाहीत. ‘काही नाही’ म्हणणारे काका पट्टी आणतात आणि त्यावर अॅम्लोडिपिन, म्हणजे रक्तदाबाची गोळी, असते. गोळी चालू आहे म्हणजे आजार ‘आता नाही’, असा त्यांचा हिशेब.

त्यापुढे मोजमाप. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘स्टेप्स’ पद्धतीत तीन पायऱ्या आहेत: प्रश्न, शरीराची मापं, रक्ततपासणी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ वर्षांवरच्या २१.३ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुषांचा रक्तदाब एकतर वाढलेला होता किंवा त्यांचं औषध चालू होतं. यातल्या अनेकांना मशीन लावेपर्यंत त्याचा पत्ताच नसतो. काही गोष्टी तर विचारून कळणारच नाहीत. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या आर उत्तर, एम पश्चिम आणि एफ उत्तर या तीन विभागांत रक्ततपासणी झाली तेव्हा झोपडपट्टीत ५७ टक्के आणि इतरत्र १६ टक्के लोकांत कोविडची प्रतिपिंडं सापडली. त्यांतल्या बहुतेकांना आपल्याला कोविड होऊन गेलाय हे ठाऊक नव्हतं.

सगळ्यांचं मोजायला पैसे नसतात. चिठ्ठी टाकून दोनशे जण निवडा. चिठ्ठीच टाका, जे हौसेने पुढे येतात त्यांच्यावर भागवू नका. आणि रक्तदाब नीट घ्या: पाच मिनिटं पाठ टेकून बसवून, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, अर्ध्या तासात चहा-तंबाखू नाही, तीन वेळा मोजून शेवटच्या दोनची सरासरी. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर नुकतंच सामान घेऊन आलेल्या माणसाला लगेच पट्टा बांधलात, तर ते जिन्याचं मोजमाप झालं.

आता हिशेब, सावकाश

समजा दोनशे जणांना विचारलंही आणि मोजलंही. रक्तदाब १४०/९० च्या वर किंवा गोळी चालू, असे ६० निघाले. त्या ६० पैकी ३३ जणांनी आधी ‘हो’ सांगितलं होतं. उरलेल्या १४० पैकी १३३ ‘नाही’ म्हणाले होते, ७ ‘हो’.

ज्यांना आहे त्यांच्यापैकी किती जणांनी सांगितलं? ६० पैकी ३३, म्हणजे ५५ टक्के. ज्यांना नाही त्यांच्यापैकी किती जणांनी ‘नाही’ सांगितलं? १४० पैकी १३३, म्हणजे ९५ टक्के. (त्या ७ मध्ये तुमचे ‘लो बीपी’वाले सापडतील.) एकूण जुळणी २०० पैकी १६६, ८३ टक्के. आकडा छान दिसतो, पण फसवा आहे. आजार नसलेले लोकच जास्त असल्यामुळे डोळे मिटून ‘नाही’ लिहिलं तरी बरंच जुळतं. योगायोगाची ही जुळणी वजा करायला जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेलं ‘कप्पा’ (kappa) हे जुळणीचं माप वापरतात. एकूण ४० जणांनी ‘हो’ सांगितलं, म्हणजे ०.२०, खरे ०.३०. दोन्हीकडे योगायोगाने ‘हो’ येणं ०.२० × ०.३० = ०.०६, दोन्हीकडे ‘नाही’ ०.८० × ०.७० = ०.५६, बेरीज ०.६२. आता ०.८३ मधून ०.६२ वजा करा, येतात ०.२१, त्याला १ वजा ०.६२, म्हणजे ०.३८ ने भागा. उत्तर ०.५५. मध्यम. कप्पा १ आला तर पूर्ण जुळणी, ० आला तर निव्वळ योगायोग.

याचा उपयोग पुढे होतो. तुमच्या हजार जणांच्या मुख्य सर्वेत २४ टक्क्यांनी ‘हो’ सांगितलं असेल, तर दुरुस्ती अशी: ०.२४ अधिक ०.९५ वजा १, म्हणजे ०.१९, त्याला ०.५५ (हा वरचा ५५ टक्क्यांचा आकडा, कप्पा नव्हे) अधिक ०.९५ वजा १, म्हणजे ०.५० ने भागा. येतात ३८ टक्के. पण ५५ टक्के हा आकडा फक्त ६० जणांवर उभा आहे. तो प्रत्यक्षात ४२ ते ६८ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. ३८ च्या पुढे दशांश चिन्ह लावून मिरवू नका.

दुसरी भेट

दर दहाव्या घरात दहा-पंधरा दिवसांनी दुसऱ्या मुलीला पाठवा, तेच प्रश्न त्याच शब्दांत घेऊन. पहिला फॉर्म तिला दाखवायचा नाही. मग प्रत्येक प्रश्नाचा कप्पा काढा. ‘शुगर आहे’ सहसा टिकतं. ‘आठवड्यातून किती दिवस भाजी खाता’ हलतं. ताप-खोकला मधल्या काळात खरोखरच बदललेला असू शकतो, त्याचा दोष उत्तरावर टाकू नका. एखाद्या प्रश्नाचा कप्पा फारच खाली आला तर तो प्रश्न अहवालातून काढा, कितीही लाडका असला तरी.

आणि फॉर्म भरणाऱ्यांकडेही बघा. वयं ४०, ४५, ५० वर गोळा झालीत का? डिजिटल मशीन असूनही रक्तदाबाचे आकडे शून्याने संपतायत? तर मशीन पिशवीतच राहिलंय. माझ्या एका सर्वेत एका मुलाचे पहिल्या आठवड्यात घरामागे सरासरी दोन आजार होते, तिसऱ्या आठवड्यात जेमतेम अर्धा. पोरगा लबाड नव्हता. ‘हो’ आलं की आणखी अकरा प्रश्न विचारावे लागतात, हे त्याला कळलं होतं, मग तो “आजारी वगैरे नाही ना कोणी?” असं विचारायला लागला. त्याला ओरडून उपयोग नव्हता. आम्ही क्रम बदलला: आधी घरातल्या सगळ्यांचे ‘हो-नाही’ लिहून घ्यायचे, खोलातले प्रश्न त्यानंतर.

अहवालात काय लिहाल

‘वस्तीत २४ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे’ हे वाक्य चूक. ‘विचारल्यावर २४ टक्क्यांनी सांगितलं, दोनशे जणांचं मोजून पाहिल्यावर खरं प्रमाण याहून बरंच जास्त, ३८ टक्क्यांच्या आसपास असावं असं दिसतं’ हे बरोबर. सोबत प्रश्नाचे नेमके मराठी शब्द, किती दिवसांचं विचारलं, कोणत्या महिन्यात, किती उत्तरं दुसऱ्याने दिली, हे छापा. नावं आणि खोली क्रमांक फॉर्मपासून तोडून वेगळ्या कुलपात ठेवा. चाळीत बातमी जिन्यापेक्षा लवकर उतरते.

ज्यांचा रक्तदाब वाढलेला निघाला त्यांच्या हातात त्याच दिवशी आकडा लिहिलेली चिठ्ठी आणि जवळच्या पालिका दवाखान्याची वेळ द्या. आमच्या एका फेरीत आम्ही ती छापायला विसरलो होतो आणि दुसऱ्या भेटीला एका काकूंनी दारातच विचारलं, “त्या दिवशी मशीन लावून गेलात, मग सांगितलं का नाही?”